कर्करोगाच्या उपचाराआधी वेळ नेमका कुठे जातो?

वाचकांचे प्रश्न

कर्करोगाविषयी या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे यावेळी औषधांबद्दल नसून वाट पाहण्याबद्दल आहेत. निदान झाल्यानंतर उपचार सुरू होईपर्यंतचे आठवडे कशात जातात, आणि सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ, किमोथेरपीचे डॉक्टर व इतर तज्ज्ञ रुग्णाला एकत्र तपासतात अशा संयुक्त क्लिनिकमुळे ते वाचतात का, असा या पत्रांचा एकूण रोख आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५२ आहे. त्यांच्या उजव्या गालात आतून जखम होती. ती दोन महिने भरेना म्हणून तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला. रिपोर्ट हाती येऊन आता साडेचार आठवडे झाले. सर्जननी स्कॅन करायला सांगितले. स्कॅन पाहून त्यांनी शेक देणाऱ्या डॉक्टरांचे मत आणायला सांगितले. तिथून किमोच्या डॉक्टरांकडे आणि आता दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि नवी तारीख. सगळे डॉक्टर एकाच दिवशी बसतात अशा रुग्णालयात गेलो तर खरोखर लवकर सुरुवात होईल का? – एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : बहुतेक वेळा होते. तुमच्या पत्रातील एकाही डॉक्टरांनी दिरंगाई केलेली दिसत नाही, तरीही महिना गेला. एखाद्या तज्ज्ञाची कर्करोगाची ओपीडी आठवड्यातून एक-दोनदाच असते. एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जाताना चार ते सात दिवस सहज जातात आणि असे चार टप्पे एकापुढे एक लावले की महिना पुरा होतो. संयुक्त क्लिनिकमध्ये हेच टप्पे एका दुपारी, एकमेकांच्या समोर पार पडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अवयवानुसार तज्ज्ञांचे गट आहेत. तोंड व घसा, स्तन, फुफ्फुस, पचनसंस्था अशा प्रत्येक गटात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार या तिन्ही शाखांचे डॉक्टर असतात आणि गुंतागुंतीच्या रुग्णांचा निर्णय संयुक्त क्लिनिकमध्ये घेतला जातो.

वेळ वाचण्याचे दुसरे कारण मात्र रुग्णांच्या लक्षात सहसा येत नाही. उपचार अडतो तो बऱ्याचदा मुख्य प्रश्नावर अडत नाही, कडेच्या प्रश्नांवर अडतो. गालाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्या अनेकांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि अशा रुग्णाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी वेगळी तयारी लागते. भूलतज्ज्ञांनी हे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पाहिले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. किडलेले दात किरणोपचाराआधी काढावे लागतात, कारण शेक घेतलेल्या जबड्याचे हाड नंतर नीट भरत नाही. दात काढल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. गालाचा मोठा भाग काढायचा असेल, तर मांडीची किंवा हाताची त्वचा तिथे बसवणारे प्लास्टिक सर्जन त्याच दिवशी मोकळे हवेत. वजन घटत असेल, तर नाकातून पोटापर्यंत अन्न देण्याची नळी घालायची का हे आहारतज्ज्ञांनी आधीच ठरवायला हवे. यांपैकी प्रत्येक बाब छोटी आहे, पण ती शेवटी उघड झाली की आठवडा-दोन आठवडे घेऊन जाते. दातांचा विषय तुमच्याकडे चौथ्या टप्प्यावर निघाला. संयुक्त क्लिनिकमध्ये तो पहिल्याच दिवशी निघाला असता.

आणखी एक हिशेब असा की, तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असेल, तर तो शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट येऊन मगच रुग्णाला किरणोपचार विभागाकडे पाठवले आणि तिथे महिन्याची रांग असली, तर ही मर्यादा ओलांडली जाते. ज्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी किरणोपचाराची अंदाजे तारीखही राखून ठेवणे, हे दोन्ही विभागांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले असतील तरच सहजपणे होते.

उशिराची किंमत किती, याचा एक मोठा आढावा २०२० मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सात प्रकारच्या कर्करोगांवरील ३४ अभ्यास आणि १२ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर झाल्यास मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हा धोका सापेक्ष आहे, म्हणजे शंभरातले सहा-आठ रुग्ण जास्त दगावतात असा त्याचा अर्थ नव्हे. तुमचे साडेचार आठवडे गेले म्हणून डाव हातचा गेला असेही नाही. पण आणखी चार आठवडे जाऊ देऊ नयेत, एवढे त्यातून निश्चित समजावे.

या आठवड्यात एवढे करा. ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला, तिथून स्लाइड आणि मेणातला ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, कारण मोठ्या रुग्णालयात निदानाची फेरतपासणी होतेच. स्कॅनचा केवळ कागदी रिपोर्ट न ठेवता सीडीही घ्या. दातांचे काम थांबवू नका, पण दात काढण्यापूर्वी सर्जनना एकदा विचारा. गाठ दातांच्या जवळ असेल, तर कोणता दात केव्हा काढायचा हे त्यांनी ठरवणे योग्य. तंबाखू आजपासून पूर्ण बंद.

प्रश्न : जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयाने आमच्याकडून ‘ट्यूमर बोर्ड’च्या कागदावर सही घेतली. त्यावर तीन डॉक्टरांच्या सह्या आहेत, पण त्यांतल्या दोघांनी माझ्या आईला कधी पाहिलेलेही नाही. ही निव्वळ कागदी औपचारिकता समजावी का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लगेच तसे समजू नये. ट्यूमर बोर्ड म्हणजे डॉक्टरांची बैठक. तिथे रुग्णाचे स्कॅन, स्लाइड आणि केसपेपर मांडून चर्चा होते आणि रुग्ण हजर नसणे हा त्या पद्धतीचाच भाग आहे. संयुक्त क्लिनिकमध्ये मात्र रुग्ण समोर असतो, त्याला तपासले जाते आणि त्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्या रुग्णाचा निर्णय स्कॅनवरून होण्यासारखा आहे, त्याला बोर्ड पुरतो; ज्याचे वय, अशक्तपणा, घरची परिस्थिती किंवा इच्छा यांमुळे निर्णय बदलू शकतो, त्याला समोर बसवूनच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कागदाविषयी. एकट्या डॉक्टराच्या मर्जीने अनावश्यक किमो किंवा शस्त्रक्रिया होऊ नये, म्हणून सरकारी विमा योजनांमध्ये कर्करोगाच्या उपचाराला सामूहिक निर्णयाची जोड दिली आहे. पण चर्चा न होता सह्या गोळा केल्या जात असतील, तर त्या कागदाने संरक्षणही मिळत नाही आणि वेळही वाचत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी आहे की खऱ्या चर्चेनंतरच्या कागदावर रोगाचा टप्पा, उपचारांचा क्रम आणि त्या क्रमामागचे कारण लिहिलेले असते. नुसते ‘किमोथेरपी’ एवढेच लिहिले असेल, तर आईच्या मुख्य डॉक्टरांना क्रम आणि कारण लिहून द्यायला नम्रपणे सांगा. योजनेच्या मंजुरीलाही त्याचा उपयोग होतो. उपचाराचा आराखडा अपुरा असला की क्वेरी लागते, म्हणजे योजनेकडून शंका काढून मंजुरी अडवली जाते. ती सोडवण्यात दिवस जातात, आणि रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला त्यात फारसे काही करता येत नाही.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. डाव्या स्तनात गाठ लागली. सुईने पाणी काढून तपासल्यावर कर्करोगाच्या पेशी दिसल्या. आमच्या गावातले सर्जन अतिशय चांगले आहेत आणि ते येत्या गुरुवारी ऑपरेशन करायला तयार आहेत. मुलगी म्हणते, आधी पुण्याला नेऊन सगळ्या डॉक्टरांचे एकत्र मत घेऊ. त्यात पंधरा दिवस जातील. मला भीती वाटते की तेवढ्यात रोग पसरेल. – एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : या प्रश्नाला मी पहिल्या पत्राच्या नेमके उलट उत्तर देणार आहे. गुरुवारची घाई करू नका आणि मुलीचे ऐका.

स्तनातील गाठ हाताला लागण्याएवढी होण्यापूर्वी ती शरीरात बराच काळ, बहुधा काही वर्षे, वाढत असते. नीट निदानासाठी खर्च केलेले दोन आठवडे तिथे नुकसान करत नाहीत. नुकसान होते ते पहिला उपचारच चुकीच्या क्रमाने झाला तर. बारीक सुईच्या तपासणीत पेशी कर्करोगाच्या आहेत एवढे कळते. पण त्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ यांचे रिसेप्टर (कोणते औषध लागू पडेल हे दाखवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) आहेत का, हे खात्रीने पाहण्यासाठी जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो, ज्याला रुग्णालयात ट्रूकट बायोप्सी म्हणतात. त्या तपासणीला साधारण आठवडा लागतो. हर-२ असलेली किंवा तिन्ही रिसेप्टर नसलेली गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, अथवा काखेतील गाठींपर्यंत रोग पोचला असेल, तर अनेकदा आधी औषधोपचार आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला जातो. त्यामुळे गाठ लहान होऊन स्तन वाचवता येण्याची शक्यता वाढते, आणि औषध लागू पडते की नाही हेही दिसते. त्यावरून शस्त्रक्रियेनंतरचे औषध ठरवता येते. गुरुवारी गाठ काढून टाकली, तर ही माहिती मिळवण्याची संधी कायमची जाते. शिवाय काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आल्या नाहीत, तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मग पंधरा दिवस वाचवण्याच्या नादात दोन महिने जातात.

तुमच्या सर्जनना हे सारे ठाऊक असेल. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. पुण्याला जाण्यापूर्वी मॅमोग्राफी आणि ट्रूकट बायोप्सी त्यांच्याच देखरेखीखाली होऊ शकते का, हे विचारा, म्हणजे संयुक्त क्लिनिकमध्ये पोचाल तेव्हा रिपोर्ट हाती असेल आणि पहिल्याच भेटीत निर्णय होईल. रिपोर्टशिवाय गेलात, तर तिथले चार तज्ज्ञ मिळूनही तुम्हाला ‘बायोप्सी करून या’ एवढेच सांगू शकतील. संयुक्त क्लिनिकचा वेग रुग्णाच्या फाइलवर अवलंबून असतो, ही गोष्ट त्या क्लिनिकची जाहिरात करणारे सहसा सांगत नाहीत.

स्तनाच्या कर्करोगात एकत्रित निर्णयाचा लाभ किती, याचा बराच उल्लेखिला जाणारा अभ्यास स्कॉटलंडमधील ग्लासगोचा आहे. तिथे १९९५ मध्ये तज्ज्ञांच्या एकत्रित गटाने उपचार ठरवण्याची पद्धत आली. त्याआधी त्या भागात स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या भागांपेक्षा जास्त होते. पद्धत बदलल्यावर ते शेजाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आढळले. बीएमजेमध्ये २०१२ साली हे निष्कर्ष आले. अशा अभ्यासात इतर बदलांचाही वाटा असू शकतो, हे मान्य करूनही फरक लहान नाही.

काही प्रसंग मात्र या सल्ल्याला अपवाद आहेत. श्वास अडकणे, न थांबणारा रक्तस्राव, आतडी बंद पडणे, पाठीच्या मणक्यातील गाठीमुळे पायांतले बळ अचानक जाणे, किंवा तीव्र ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका, यांपैकी काहीही असेल, तर कोणत्याही बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात आम्हाला असे क्लिनिक कुठून मिळणार? माझ्या मामींना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग सांगितला आहे. – एक वाचक

उत्तर : निर्णय आणि उपचार एकाच ठिकाणी व्हायला हवेत असे नाही, हे आधी लक्षात घ्यावे. निर्णयासाठी नागपूर गाठणे तुम्हाला शक्य आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्था तिथे आहेत. मुंबईला जाण्याआधी नागपूरचा विचार करावा, असे मी विदर्भातील प्रत्येक पत्रलेखकाला लिहितो, कारण या रोगात किरणोपचार रोज, आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे घ्यावा लागतो आणि घरापासून दूर राहणेच पुढे उपचार अर्धवट सोडण्याचे कारण ठरते.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात सुरुवात जितकी महत्त्वाची, तितकाच उपचाराचा एकूण कालावधी महत्त्वाचा असतो. बाहेरून दिला जाणारा किरणोपचार, त्यासोबतची आठवड्याची किमो आणि शेवटी आतून दिला जाणारा ब्रेकीथेरपीचा किरणोपचार हे सारे मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे, असा दंडक आहे. रक्त कमी आहे म्हणून उपचार मध्येच थांबवावा लागणे, मूत्रपिंडावर दाब आला आहे हे उशिरा कळणे, राहण्याची सोय नसल्याने सुट्ट्या पडणे, या तीन कारणांनी तो मोडतो. म्हणून पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या कामाचे) रिपोर्ट सोबत न्या, आणि डॉक्टरांच्या आधी किंवा नंतर, पण त्याच दिवशी, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. धर्मशाळा, रेल्वे व एसटीच्या भाड्यातील सवलत, योजनेची कागदपत्रे हे सारे त्यांच्या टेबलावर सुटते. चांगल्या संयुक्त क्लिनिकमध्ये समाजसेवक तज्ज्ञांच्याच रांगेत बसलेला असतो आणि तसे असायलाच हवे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कोणी ‘पिशवी काढून टाकू’ असे सुचवले, तर रोगाचा टप्पा ठरल्याशिवाय ती काढू देऊ नका. पुढच्या टप्प्यातील रोगात अशी शस्त्रक्रिया रोग पूर्ण काढत नाही, आणि नंतरचा किरणोपचार अधिक अवघड करून ठेवते.

जिथे तज्ज्ञांची एकत्र उपस्थिती शक्यच नाही, तिथल्या डॉक्टरांसाठीही वाट आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी देशभरातील तीनशेहून अधिक संस्था जोडल्या आहेत, आणि त्यांतील डॉक्टर आपल्याकडील अवघड केस ऑनलाइन ट्यूमर बोर्डासमोर मांडू शकतात. तुमचे रुग्णालय ग्रिडचे सदस्य आहे का, एवढे विचारायला हरकत नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे; ती प्रत्यक्षात आली, तर निर्णय नागपुरात आणि किमो जिल्ह्याच्या गावी, अशी विभागणी अनेक रोगांत शक्य होईल.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, मधुमेह आणि हृदयविकार. चार डॉक्टर मिळून ठरवतात म्हणजे जबाबदारी नेमकी कोणाची? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्यांच्या नावे केसपेपर आहे त्या मुख्य डॉक्टरांची. गट सल्ला देतो. वडिलांना समजावून सांगणे, त्यांची संमती घेणे आणि पुढे चुकल्यास उत्तर देणे हे काम एकाचेच असावे लागते. क्लिनिकमधून निघण्यापूर्वी ‘आमचे मुख्य डॉक्टर कोण?’ हा प्रश्न विचारून नाव कागदावर घ्या. वडिलांच्या वयात हृदयरोगतज्ज्ञांचे मत आधी घेतलेले असावे. आणि उपचार सौम्य करणे किंवा न करणे हाही एक मान्य पर्याय आहे, हे वडिलांच्या समक्ष बोलले जावे.

प्रश्न : कोकणातील आमच्या धर्मादाय रुग्णालयात सर्जन, आठवड्यातून दोन दिवस येणारे किमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट आहेत, किरणोपचाराची सोय नाही. एवढ्या बळावर संयुक्त क्लिनिक सुरू करावे का? कुठून सुरुवात करावी? – विश्वस्त मंडळाचे एक सदस्य

उत्तर : जरूर करावे. पण सुरुवात खोली आणि फलकापासून न करता तारखांपासून करा. मागील वर्षातील रुग्णांच्या फाइल काढून पाच तारखा लिहा: रुग्ण पहिल्यांदा आला तो दिवस, बायोप्सीचा, रिपोर्टचा, उपचार ठरल्याचा आणि उपचार सुरू झाल्याचा. सर्वांत मोठी फट कुठे आहे, ते या पाच तारखाच दाखवतील. ती बायोप्सी आणि रिपोर्ट यांच्यामध्ये असेल, तर संयुक्त क्लिनिकने काही साधणार नाही. पॅथॉलॉजिस्टला मदतनीस द्यावा लागेल किंवा रिसेप्टर तपासणीसाठी नमुना रोज बाहेर पाठवण्याची व्यवस्था करावी लागेल. रिपोर्ट आणि निर्णय यांच्यामध्ये फट असेल, तरच क्लिनिक हा त्यावरचा इलाज आहे.

ब्रिटनचा अनुभव येथे उपयोगी आहे. तिथे १९९५ च्या काल्मन-हाइन अहवालानंतर तज्ज्ञांच्या गटाने निर्णय घेण्याची पद्धत देशभर रूढ झाली, तरीही तातडीने पाठवलेल्या रुग्णाचा उपचार ६२ दिवसांत सुरू करण्याचे उद्दिष्ट गेली अनेक वर्षे पूर्ण होत नाही, कारण स्कॅन करणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची संख्या अपुरी आहे. शिवाय प्रत्येक रुग्ण साप्ताहिक बैठकीसाठी थांबवला की ती बैठकच उशिराचे नवे कारण बनते. त्यामुळे ज्या केसमध्ये उपचाराचा मार्ग ठरलेला आहे, तिच्यावर त्याच दिवशी निर्णय घ्यावा आणि बैठकीत केवळ नोंदवावा; चर्चेचा वेळ खऱ्या अडचणीच्या केसेसना द्यावा.

किमोचे डॉक्टर येतात त्यांपैकी एक दिवस आणि एक वेळ पक्की करा. किरणोपचारतज्ज्ञांना कोल्हापूर किंवा मुंबईहून व्हिडिओ कॉलवर त्याच तासाला जोडून घ्या. त्यांच्याकडे जावे लागणाऱ्या रुग्णाची तारीख त्याच कॉलमध्ये मागून घ्या. रुग्णांची यादी आदल्या दिवशी बंद करा आणि ज्याचा रिपोर्ट आलेला नाही, त्याला यादीत घालू नका, नाहीतर चार तज्ज्ञांचा वेळ रिपोर्टची वाट पाहण्यात जाईल. निर्णय मराठीत, एका पानावर, क्रमासह लिहून रुग्णाच्या हाती द्या.

आणि पैसे मर्यादित असतील, तर नव्या यंत्राआधी एका समन्वयक परिचारिकेची पूर्णवेळ नेमणूक करा. स्लाइड कुठे अडकली, योजनेची क्वेरी का लागली, रुग्ण ठरलेल्या दिवशी का आला नाही, हे रोज सकाळी फोनवर विचारणारी व्यक्ती नसेल, तर नामांकित तज्ज्ञांचे क्लिनिकही दोन महिन्यांत जुन्या चालीवर येते. तिच्या टेबलावर त्याच पाच तारखांची वही ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ती विश्वस्त मंडळापुढे मांडा.